दिवस कितीचा?

माझ्या हातून झालेल्या चुकांची रक्कम एका वेळी पाच रुपये, वीस रुपये, फार तर दीडशे रुपये, एवढीच असायची. त्यामुळे त्या चुका आहेत हेच मला बरेच दिवस कळलं नाही. आणि कळल्यावर मी गप्प बसलो, त्याचंही कारण तेच.

२००१ च्या दिवाळीनंतर मी भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. बावीस कामगार, लेथच्या दोन रांगा, एक मिलिंग, दोन प्रेस आणि पत्र्याखाली तापणारी एक केबिन. बी.कॉम. झालेला आहे, एक्सेल येतं, एवढ्यावर मला घेतलं होतं. काम पगारपत्रकाचं. शिवाय पीएफ-ईएसआयची चलनं भरायची, बँकेत जायचं आणि साहेबांकडे कुणी आलं की चहा सांगायचा. पहिल्याच आठवड्यात कामगार मला ‘भाऊसाहेब’ म्हणायला लागले. तेविसाव्या वर्षी कुणी भाऊसाहेब म्हटलं की माणूस जरा फुगतो. मीही फुगलो.

माझ्याआधी पगार टाइमकीपर काका हाताने काढायचे. काका मूळचे लालबागचे, गिरणीतले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी जी बंद पडली ती पडलीच. चार ठिकाणी धक्के खाऊन १९८८ मध्ये सासुरवाडीच्या आधाराने ते पुण्याकडे आले आणि या वर्कशॉपच्या गेटवर बसले. गिरणी सुटली तरी गिरणीचे शब्द सुटले नव्हते. गैरहजेरीला ते ‘खाडा’ म्हणायचे, आगाऊ पैशाला ‘उचल’. त्यांच्या लांबट वहीत प्रत्येक नावापुढे महिन्याचा पगार निळ्या शाईत आणि एका दिवसाचा दर लाल शाईत लिहिलेला असे. ३,९०० पुढे १५०. मी विचारलं, हे कसं काढलंत?

“सव्वीसनं भाग.”

“सव्वीसच का?”

“चार सुट्ट्या वजा कर की. राहिले किती?”

मला तेवढं पुरलं. खरं तर तिथेच पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून आठवड्याच्या ५२ सुट्ट्या वजा केल्या की उरतात ३१३. त्याला बारानं भागलं की येतात २६.०८. म्हणजे सव्वीस हा कुठल्याच एका महिन्याचा आकडा नाही, तो वर्षाच्या सरासरीतून आलेला आहे. एखाद्या महिन्यात कामाचे दिवस खरोखर २६ भरतात, एखाद्यात २७, फेब्रुवारीत २४. हे मला समजायला आठ महिने लागले आणि त्याची फी दुसऱ्यांनी भरली.

पहिला धक्का लागलीच बसला होता, पण मी तो पुसून टाकला. आमची सुट्टी गुरुवारची. पुण्याच्या या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारच. २००१ च्या डिसेंबरात गुरुवार चार आले, म्हणजे कामाचे दिवस २७. प्रेसवरच्या एका मुलाचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता, तो महिनाभर आलाच नाही. मी नव्या शीटमध्ये पगारातून खाडे वजा केले: ३,९०० वजा २७ गुणिले १५०. स्क्रीनवर आलं, उणे १५०. म्हणजे घरी पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला पोरगा कंपनीला दीडशे रुपये देणं लागत होता. मी एकटाच हसलो. आणि मग जे केलं त्याची आजही लाज वाटते: उत्तर शून्याच्या खाली गेलं तर शून्य दाखव, अशी सूचना त्या रकान्यात घालून ठेवली. शीट म्हणत होती की भाऊसाहेब, काहीतरी चुकतंय. मी शीटचं तोंड बंद केलं.

मग मला एक हुशारी सुचली. खाडे वजा करण्यापेक्षा हजेरीच मोजावी. जितके दिवस हजर तितके गुणिले १५०, उणे येण्याचा प्रश्नच नाही. जानेवारीत गुरुवार पाच आले होते, कामाचे दिवस बरोबर २६. सव्वीस गुणिले दीडशे, तीन हजार नऊशे. आकडा असा खटकन जुळला की मी काकांना बोलावून दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून नुसते बघत राहिले. मला वाटलं, कॉम्प्युटर बघून दबले.

फेब्रुवारीचा पगार मार्चच्या सहालाच वाटायचा होता, कारण सातला गुरुवार होता. आमच्यासारख्या हजारापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी सात तारखेच्या आत पगार झाला पाहिजे असा नियम, आणि साहेब तेवढा मात्र काटेकोर पाळायचे. पाकिटं वाटली. दहा मिनिटांत मशिनं थांबली. मशिनं थांबली की केबिनमधला फॅन फार मोठ्याने वाजतो, हे मला त्या दिवशी समजलं. दारात पंधरा-सोळा जण उभे. ज्यांचा एकही खाडा नव्हता त्यांच्या पाकिटात ३,६०० रुपये. महिनाभर रोज आलो आणि तीनशे गेले कुठे? मी मस्टर उघडून दाखवायला लागलो की दिवस चोवीसच भरले. एकजण मागून ओरडला, “फेब्रुवारी आमच्या घरी जन्मला का?”

संध्याकाळी राहिलेले तीनशे तीनशे वाटले. साहेबांनी मला त्यावर जास्त काही ऐकवलं नाही. मार्चमध्ये तीच पद्धत ठेवली असती तर दिवस २७ भरून प्रत्येकाला दीडशे जास्त गेले असते, आणि तेव्हा मात्र ऐकवलं असतं. मी मुकाट्यानं पुन्हा पगारातून खाडे वजा करायच्या पद्धतीवर आलो. शून्याची ती सूचनाही शीटमध्ये तशीच राहिली.

जुलैत लेथवरच्या एका टर्नरचे वडील गेले. तो लातूरकडचा. तार नाही, फोन नाही, रात्रीच्या एसटीने निघून गेला. दिवसकार्य, मग पेरणी अर्धवट राहिलेली, भाऊ लहान. करत करत महिना गेला. ३१ जुलैला, बुधवारी, तो डोकं भादरलेल्या अवस्थेत, केसांची नुसती काळी झाक आलेली, सकाळी पहिल्या पाळीला हजर. दिवसभर त्याने काम केलं. त्या महिन्यात गुरुवार चार, कामाचे दिवस २७, त्याचे खाडे २६. आता कुणीही हिशोब करून बघावा. ३,९०० वजा २६ गुणिले १५०. डॉट मॅट्रिक्सनं करकरत छापलं: निव्वळ देय ०.००.

पाकीट नव्हतंच, नुसती स्लिप. ती त्याने दोन्ही बाजूंनी बघितली.

“भाऊसाहेब, एक दिवस आलो होतो की.”

मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे वळवून बटणं दाबून दाखवली. हिशोब बरोबर आहे, म्हणालो. तो जाईपर्यंत मला स्वतःलाही तो बरोबरच वाटत होता. ज्याने खांद्यावर नुकतंच बापाला नेलं, त्याच्याशी मी कॅल्क्युलेटरने बोललो.

काका दुपारी केबिनमध्ये आले आणि पंच कार्डाच्या पाठीवर त्यांनी एकच भागाकार केला. ३,९०० भागिले २७. आले १४४.४४. “जुलै सत्तावीसचा होता ना? मग सव्वीस कुठून आणलास?”

“तुमच्याच वहीतून.”

“वहीत आकडा असतो. खाडे अर्ध्या महिन्याच्या वर गेले की मी हजेरीकडून मोजायचो. ते काय वहीत लिहायचं?”

म्हणजे जे त्यांच्या डोक्यात होतं ते मी घेतलंच नव्हतं. जे शाईत होतं तेवढं उतरवून घेतलं. खाडे वजा करा नाहीतर हजेरी गुणा, दोन्हीकडून उत्तर एकच यायचं असेल तर भागायला त्या महिन्याचे खरे कामाचे दिवसच घ्यावे लागतात. सव्वीस घेतले की एक-दोन खाड्यांना फरक जाणवत नाही, आणि खाडे वाढत गेले की एका दिवसाचं कामच गायब होतं. नंतर कधीतरी वाचलं की १९३६ च्या वेतन कायद्यात हे आधीपासून लिहिलेलं होतं: त्या मुदतीत जेवढे दिवस काम करायला माणूस बांधलेला आहे, त्याच्याशी गैरहजेरीचं जे प्रमाण, त्याहून जास्त कपात करायची नाही. सत्तावीसपैकी सव्वीस दिवस नाही, तर सत्तावीसपैकी सव्वीस भागच कापा. सत्ताविसावा भाग त्याचा. हे वाचल्यावर मी लगेच पुढचं वाचलं, की तेव्हा तो कायदा १,६०० रुपयांच्या वरच्या पगाराला लागूच नव्हता, आणि मला हायसं वाटलं. कशाचं हायसं वाटतं माणसाला!

दुसऱ्या दिवशी त्याला दीडशे रुपये दिले. पण व्हाउचरवर ‘पगारातील फरक’ असं लिहिलं तर साहेब विचारणार, कसला फरक? म्हणून मी लिहिलं, ‘उचल’. ऑगस्टच्या पगारात शीटनं आपलं काम चोख केलं. उचलीच्या रकान्यातले दीडशे त्याच्या पगारातून आपोआप कापले गेले. हे माझ्या लक्षात आलं ते पाच महिन्यांनी, आणि तेही त्यानेच आणून दिलं.

जानेवारी २००३. पगार वाटून झाला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीतून स्लिपांचा गठ्ठा घेऊन आला. दीड-एक वर्षाच्या सगळ्या स्लिपा, वर्तमानपत्राच्या घडीत तारखेवार लावलेल्या. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जुलैच्या त्या शून्याच्या स्लिपेपासून तो दर महिन्याला हिशोब तपासत होता, हे मला माहीत नव्हतं. केबिनमध्ये बसायला सांगितलं तरी बसला नाही.

“एक इचारू का? रागावणार न्हाई ना?”

“विचार.”

“माझा एक दिवस दीडशेचा हाय का एकशेतीसचा?”

मी म्हणालो, दीडशेचा. त्याने दोन रकान्यांवर बोट ठेवलं. एक खाड्याचा, एक जादा कामाचा, ओव्हरटाइमचा. “खाडा पडला की दीडशे कापता. आन् जादा बसलो की एकशेतीसनं धरता. माझा दिवस जाताना मोठा आन् येताना बारका, हे कसं?”

आता हे सांगायला हवं. खाड्याचा रकाना काकांच्या वहीतून आलेला, सव्वीसचा. ओव्हरटाइमचा रकाना वहीत नव्हताच. पूर्वी साहेब स्वतःच चिठ्ठीवर काहीतरी ठोकळ रक्कम लिहून द्यायचे. तो रकाना मी नव्याने बनवला आणि अभिमानाने बनवला. कारखाना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर, हे मला माहीत होतं, आणि तो दुप्पट मी धरलाही होता. पण कशाचा दुप्पट? पगार भागिले ३०, भागिले ८ तास. शाळेत व्याजाच्या गणितात महिना तीस दिवसांचा धरायची सवय, त्यापलीकडे दुसरं कारण नाही. ३,९०० ला तिसानं भागलं की १३०, तासाला १६.२५, दुप्पट ३२.५०. सव्विसानं भागलं असतं तर तासाला १८.७५, दुप्पट ३७.५०. तासामागे पाच रुपयांचा फरक. महिन्याला सोळा तास जादा बसणाऱ्याचे ८० रुपये.

एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर, मी एकाच माणसाचा दिवस दोन किमतींना लावला होता. आणि योगायोग बघा, दोन्ही वेळा फायदा मालकाचा. मी ते मुद्दाम केलं नव्हतं. तरी दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या. चूक माझ्या बाजूने, म्हणजे ज्याच्याकडून मला पगार मिळतो त्याच्या बाजूने पडली की ती माझ्या नजरेला टोचत नव्हती. मार्चमध्ये दीडशे जास्त गेले असते तर ते मला त्याच दिवशी दिसले असते.

“बघतो,” एवढंच म्हणालो. जाता जाता तो म्हणाला, “आन् ते जुलैचे दीडशे उचलीत का धरले, ते बी बघा.”

रात्री थांबून मी सगळ्या शीट काढल्या. ओव्हरटाइम करणारे मुख्यतः नऊ जण, महिने पंधरा. बेरीज दहा हजार आठशेच्या आसपास आली. कागद घडी करून खिशात ठेवला. तो खिशात बारा दिवस होता. शर्ट बदलला की कागद नव्या शर्टात जायचा. तेराव्या दिवशी साहेबांना दाखवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “पुढून नीट कर. मागचं उकरू नकोस. कुणी मागितलंय का?”

एकाने मागितलं होतं. मी ते सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ‘उकरू नकोस’ ऐकून मला सुटल्यासारखं झालं, कारण उकरलं असतं तर आधी वर आलो असतो मी. टर्नरचे दीडशे मी किरकोळ खर्चातून परत केले आणि या वेळी व्हाउचरवर ‘पगारातील फरक’ असंच लिहिलं. बाकी दहा हजार आठशे कुणालाच मिळाले नाहीत. पुढच्या महिन्यापासून ओव्हरटाइमच्या रकान्यातल्या तिसाचे सव्वीस झाले. कुणाला काही सांगितलं नाही, नोटीस लावली नाही. आठ जणांना आपला दर पाच रुपयांनी का वाढला हे कळलं नाही. दोघांनी तर माझे आभार मानले, ते मी ठेवून घेतले.

टर्नरला मात्र कळलं होतं. त्यानंतर दर पगाराला पाकीट घेताना तो विचारायचा, “भाऊसाहेब, दिवस कितीचा?” मी म्हणायचो, “दीडशेचा.” पुढच्या वर्षी पगार ४,१६० झाला, तेव्हा म्हणायला लागलो, “एकशेसाठचा.” इतरांना ती आमची गंमत वाटायची.

एक गोष्ट मी सुधारली नाही, ती इथेच नोंदवून पुढे जातो. बुधवारी आणि शुक्रवारी खाडा असला तर मधला गुरुवारही कापायचा, असा साहेबांचा नियम होता. असे नियम बऱ्याच ठिकाणी असतात. दिवसाचा दर तिसानं भागून काढला असेल, तर सुट्टीच्या दिवसालाही पगार आहे असं धरलेलं असतं, आणि मग तो कापण्यावर निदान भांडता तरी येतं. पण सव्विसानं भागताना आपण आधीच म्हटलेलं असतं की पगार कामाच्या दिवसांचा, गुरुवारला पगार नाही. ज्या दिवसाला पगारच नाही त्याचे दीडशे कापायचे कुठून? दोन खाड्यांचे तीनशे व्हायचे तिथे मी साडेचारशे कापत होतो. हे मला २००३ मध्ये समजलं आणि मी २००७ मध्ये नोकरी सोडेपर्यंत तो गुरुवार कापतच राहिलो. मस्टरवर ती फुली मारताना हात क्षणभर थांबायचा, एवढाच फरक पडला.

इतकं सगळं झाल्यावर माणूस शहाणा होईल असं वाटतं. २००५ मध्ये काका निवृत्त झाले. सतरा वर्षं नोकरी, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५,२००. ग्रॅच्युइटी काढायचं काम माझं. प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे तर चहावालाही सांगेल. पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, अर्धा महिना म्हणजे २,६००. सतरा गुणिले २,६००, चव्वेचाळीस हजार दोनशे. साहेबांची सही झाली, चेक तयार झाला, पेढे आणले.

काकांनी चेक बघितला, मग हिशोबाचा कागद मागितला.

“पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना?”

मी मान डोलावली, आणि डोलावता डोलावताच माझ्या पोटात खड्डा पडला.

ग्रॅच्युइटी कायदा १९७२ चा. पंधरा दिवसांचा पगार काढताना महिना तीसचा धरायचा की सव्वीसचा, हा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि १९८० मध्ये कोर्टानं सव्वीसच्या बाजूने निकाल दिला. पुढे ते कायद्याच्या कलमातच घातलं गेलं. पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ५,२०० भागिले २६ म्हणजे २००. पंधरा दिवसांचे ३,०००. सतरा वर्षांचे ५१,०००. मी सहा हजार आठशे कमी लावले होते. ज्याच्या वहीतून सव्वीस शिकलो त्यालाच तीसनं भागलं.

काका चिडले नाहीत. म्हणाले, “गिरणीतली अजून यायची आहे. तिथं तर भागाकारापर्यंत गाडीच आली नाही.” चेक त्यांनी मला परत दिला आणि पेढा घेतला. दुसरा चेक चार दिवसांनी मिळाला.

माझा एक मित्र हिंजवडीत आयटीत आहे. त्याच्याकडे महिन्याचे जेवढे दिवस तेवढ्यानं भागतात, सरकारी कचेऱ्यांतही तसंच. ३१,००० पगाराच्या माणसाचा दिवस जानेवारीत एक हजाराचा आणि फेब्रुवारीत अकराशे सात रुपयांचा. बिनपगारी रजा घ्यायचीच तर एकतीसच्या महिन्यात घ्यावी, असं तो गमतीनं सांगतो. आम्हा भोसरीवाल्यांना ही गंमत परवडत नसे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट चांगली आहे: खाड्याकडून मोजा की हजेरीकडून, बेरीज चुकत नाही.

आता घरची गोष्ट. ती सांगायची नव्हती, पण बायकोने हा मजकूर वाचला आणि म्हणाली, ती घातल्याशिवाय छापायला देऊ नका.

२००६ मध्ये आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. महिना सहाशे रुपये. खाडे मांडायची जागा म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाच्या खाड्याला गोल, मावशींच्या खाड्याला फुली. ऑगस्टमध्ये गौरी-गणपतीच्या आधी त्यांचे चार खाडे झाले. पैसे मी काढून ठेवले. पाचशे आठ रुपये.

बायको म्हणाली, “पाचशे आठ? हे कुठून आलं?”

मी सांगितलं. सहाशे भागिले सव्वीस, तेवीस रुपये आणि काही पैसे. चार खाड्यांचे ब्याण्णव. सव्वीस हा आकडा किती खडतर तपश्चर्येने मिळवला आहे हेही सांगायला लागलो. सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलो होतो. ती कणीक मळत होती.

“त्यांना गुरुवार असतो का हो?”

नव्हता. रविवारही नव्हता. त्या तिसाही दिवस यायच्या. त्यांचा महिना तीसचा, दिवस वीस रुपयांचा, चार खाड्यांचे ऐंशी. सव्वीस हा ज्याला आठवड्याची सुट्टी आहे त्याचा आकडा. पूर्वी मी तीस पाठ केला होता, आता सव्वीस पाठ केला होता. ज्याचा दिवस मोजतोय तो किती दिवस राबतो हे विचारायचं दोन्ही वेळा राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा मी पाचशे आठ आणि वर सुटे बारा रुपये त्यांच्या हातावर ठेवले.

“हे बारा कशाचे, दादा?”

“माझी चूक झाली होती. खाड्याचे जास्त कापत होतो.”

त्यांनी पदराच्या टोकाला पैसे बांधले. भांडी घासायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मग आधीच्या महिन्यांचे?”

मी कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि मागची पानं उलटायला बसलो. जुलैत दोन फुल्या होत्या. जूनमध्ये तीन.